हरवा, पण रडीचा डाव नको

बाराव्या पातळीवर राजपुत्रासमोर त्याचीच सावली तलवार उपसून उभी राहते. तोवर हातातल्या साठ मिनिटांतली बरीचशी मिनिटं खर्ची पडलेली असतात. जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांवर, कात्रीसारख्या मिटणाऱ्या पात्यांमध्ये, पायाखालून निसटणाऱ्या फरशांवर राजपुत्र कितीदा मेला, याची मोजदाद कोणी ठेवलेली नसते. एवढ्या मरणांतून खेळणारा एक धडा मात्र पक्का शिकलेला असतो: समोर तलवार दिसली की आधी वार करायचा. तो वार करतो. घाव सावलीला बसतो आणि त्याच क्षणी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातला, राजपुत्राच्या जिवाचा एक लाल त्रिकोण विझतो. दुसरा वार, दुसरा त्रिकोण. सावलीला ठार मारलं तर राजपुत्रही ठार. मग सुटायचं कसं? तलवार म्यान करायची. सावलीही म्यान करते, दोघं एकमेकांच्या अंगावर धावत जातात आणि एक होतात.

हे खेळात कुठेही लिहिलेलं नाही.

जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने जवळजवळ एकहाती बनवलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ मध्ये ॲपल टू संगणकावर आला. महाराष्ट्रात तो रुजला नव्वदच्या दशकात, डॉसवर चालणाऱ्या मशीनवर. कॉम्प्युटर क्लासचे सर जेवायला गेले की फ्लॉपी बाहेर निघायची. राजपुत्राच्या धावण्यात आणि लोंबकळण्यात जो माणूसपणा आहे, तो मेकनरच्या धाकट्या भावाचा. त्याला धावायला, उड्या मारायला लावून काढलेल्या चित्रफितीवरून एकेक चित्र उतरवलेलं आहे. सावलीची जन्मकथा तर आणखी मजेची. त्या संगणकाच्या तुटपुंज्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवरच चढवली, तेव्हा चमचमणारी एक भुतासारखी आकृती तयार झाली. नवं पात्र, आणि खर्च जवळजवळ शून्य.

अवघड व्हिडिओ गेमविषयीचा सगळा वाद या एका प्रसंगावर तोलून बघता येतो. खेळाने उत्तर लपवलं आहे, आणि चांगलंच खोल लपवलं आहे. पण कारण लपवलेलं नाही. आपण मारतो तेव्हा आपलाच त्रिकोण विझतो, हे खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडतं. तो चिडतो, पुन्हा मरतो, टेबलावर हात आपटतो. पण रात्री अंथरुणात पडल्यावर विचार करायला त्याच्याकडे काहीतरी असतं. मेलो का, हे ज्याला माहीत आहे तो कोडं सोडवत असतो. ज्याला तेही माहीत नाही, तो नुसता मार खात असतो.

मराठी घरांत मात्र हा फरक कोणी करत नाही. आतल्या खोलीतून ओरडण्याचा आवाज येतो, मोबाइल आपटला जातो (तोही गादीवरच, कारण हप्ते अजून चालू आहेत), आणि बाहेरच्या खोलीत निदान ठरतं: गेममुळे पोरगं चिडखोर झालं. तो नेमका कशावर चिडला, हे विचारायला कोणी आत जात नाही. वास्तविक याच बाहेरच्या खोलीतल्या माणसांनी लहानपणी गल्लीत यासाठी फार नेमका शब्द वापरलेला असतो. हरलेल्या डावाला ते कधी नावं ठेवत नसत. नियम आयत्या वेळी बदलला, आउट असून आउट नाही म्हटलं, की सगळी गल्ली एका सुरात म्हणायची, रडीचा डाव. सापशिडीत तोंडाशी आलेला विजय साप गिळतो आणि सोंगटी पार खालच्या ओळीत येते. तरी तिला कोणी रडीचा डाव म्हणत नाही. साप पहिल्यापासून पटावर काढलेला असतो.

व्हिडिओ गेममध्ये पटावर न काढलेल्या सापांचा इतिहास जुना आहे. त्याचा मेरुमणी म्हणजे ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’. जपानी कंपनी नामकोने १९८४ मध्ये नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आणलेला हा खेळ मासानोबू एंडो यांचा. साठ मजल्यांचा मनोरा, गिल्गमेश नावाचा वीर आणि बहुतेक मजल्यांवर एक गुप्त खजिना. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे चिकट प्राणी मारले की पेटी प्रकट होते. हे कोणालाही योगायोगाने जमेल. पुढे अटी अशा होत जातात की चांगल्या बुद्धीच्या माणसाला त्या आयुष्यात सुचणार नाहीत. काही मजल्यांवर मशीनचा दांडा ठरावीक रीतीने हलवावा लागतो. आणि खजिना म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. खालच्या मजल्यावरची एखादी वस्तू राहिली, तर कित्येक मजले वर गेल्यावर वाट बंद होते. तिथे नाण्यांचा ढीग ओतला तरी उपयोग नसतो, आणि चूक कुठे झाली ते खेळ सांगत नाही.

आमच्या कसोटीवर हा रडीचाच डाव. तरी जपानने तो डोक्यावर घेतला, त्याचं कारण पडद्याच्या बाहेर आहे. जपानी गेमच्या दुकानांतून वह्या ठेवलेल्या असत. ज्याला एखाद्या मजल्याचं गुपित सापडे, तो ते वहीत लिहून जाई. दुसऱ्या दिवशी येणारा ते वाचून एक मजला वर चढे. साठ मजल्यांचा मनोरा एकट्याने चढायचाच नव्हता. खेळाने जे सांगायला हवं होतं ते गावाने सांगितलं, असं म्हणता येईल. पण वही नसलेल्या गावात तोच खेळ नेऊन ठेवला, तर उरतो तो नाणी खाणारा लोखंडी डबा.

आपल्याकडे नेमकं तसंच गाव होतं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम सणासुदीला घरोघर आले, ते बहुतांशी जपानी यंत्राच्या नकला होत्या. खेळ ‘कॅसेट’मध्ये यायचे, चालले नाहीत तर फुंकर मारायची, आणि एका कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असला तरी तेच पाच-पन्नास फिरून फिरून समोर यायचे. माहितीपुस्तिका नावाची गोष्टच नव्हती. ‘कॉन्ट्रा’त एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि जीव मोजकेच. अमेरिकेतल्या पोरांना यावरचा उतारा ठाऊक होता: सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, बी, ए अशी बटणं दाबली की तीस जीव मिळत. हा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रावर उतरवताना तो तपासायला त्यांना स्वतःला खेळावा लागे, आणि तो त्यांना झेपेना! म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली. १९८६ मध्ये खेळ बाजारात गेला तेव्हा ती आतच राहिली. खेळ बनवणाऱ्यालाच तो अवघड जावा, आणि त्याने गुपचूप केलेली सोय जगभर पाठ व्हावी, यात या धंद्याचं बरंच काही आलं.

त्या काळातल्या काठिण्याला अनेकदा धंद्याचंच कारण असे, हे मान्य केलेलं बरं. नाण्याच्या मशीनवर माणूस फार वेळ टिकला तर गल्ला भरत नाही. घरगुती यंत्रं आली तशी अमेरिकेत कॅसेट भाड्याने मिळू लागली, आणि शनिवार-रविवारात खेळ संपला तर विकत कोण घेणार, हा नवा घोर लागला. १९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये दुसरीच पातळी पोरांना रडवते. माकडं सिंहाच्या छाव्याला एकमेकांकडे फेकतात, आणि कुठल्या माकडावर डरकाळी फोडली की फेक कुठे वळेल याचा पत्ता लागत नाही. भाड्याने नेणाऱ्याला फार पुढे जाता येऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी केली, असं तो बनवणाऱ्यांपैकी एकाने पुढे सांगूनही टाकलं. सात-आठ वर्षांच्या पोरांनी स्वतःला ढ समजून घेतलं, ते एका भाडेदराच्या हिशेबापायी.

‘ड्रुआगा’ला पंचवीस वर्षं होत आली असताना, खेळ सोपे आणि गुळगुळीत होऊन गेलेले असताना, २००९ मध्ये फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा ‘डिमन्स सोल्स’ आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. सोनीच्या स्टुडिओंचे तेव्हाचे प्रमुख शुहेई योशिदा यांनी तो तयार होत असताना खेळून पाहिला. दोनेक तास झाले तरी ते सुरुवातीच्याच भागात मरत होते, आणि हा फारच वाईट खेळ आहे असं त्यांचं मत झालं. सोनीने तो पाश्चात्त्य देशांत काढायचं नाकारलं. अमेरिकेत तो दुसऱ्याच प्रकाशकाने आणला आणि तोंडी प्रसिद्धीवर तो पसरला. योशिदांनी पुढे ही चूक मोकळेपणाने कबूल केली. याच घराण्यातला ‘डार्क सोल्स’ २०११ चा, आणि २०२२ च्या ‘एल्डन रिंग’ने तर पहिल्या तीन आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपवल्या.

या खेळांचे भक्त फार आहेत आणि भक्तांना एक खोड असते. खेळाचा प्रत्येक दोष त्यांना दीक्षा वाटतो. कुणी विचारलं की इथे काय करायचं, तर उत्तर येतं, आधी नीट खेळायला शीक. म्हणून ‘डिमन्स सोल्स’मधली एक गोष्ट त्यांच्यासमोर पुन्हा मांडायला हवी. त्या खेळात प्रत्येक प्रदेशाला एक छुपा कल असतो, काळा किंवा पांढरा. खेळणारा सदेह असताना मेला की तो प्रदेश काळ्याकडे झुकतो. काळ्या प्रदेशात शत्रू अधिक दणकट होतात आणि अधिक जोराने मारतात. म्हणजे नवखा मरतो, मेल्यामुळे खेळ अवघड होतो, अवघड झाल्यामुळे तो पुन्हा मरतो. बरं, देह गेला की आत्मारूपात आयुष्य निम्मं. म्हणून बिचारा जवळचा दुर्मीळ खडा खर्चून देह परत मिळवतो आणि पुन्हा मरून प्रदेश आणखी काळा करतो. सावकाराकडचं कर्ज फेडायला त्याच सावकाराकडून कर्ज काढावं, तसला हा प्रकार. जाणकारांनी यावर काढलेली युक्ती ऐकली की हसावं की रडावं कळत नाही. देह परत मिळाला की ते आधी नेक्सस या सुरक्षित मुक्कामी येतात आणि उंचावरून उडी टाकून जीव देतात, कारण तिथलं मरण कुठल्याच प्रदेशाच्या खात्यावर चढत नाही.

हे खेळ धडपणे कुठेच सांगत नाही. इथे उत्तरही लपवलेलं आहे आणि कारणही, आणि हा साफ रडीचा डाव आहे, मग त्यामागे कितीही मोठा कलावंत असो.

गंमत अशी की त्याच खेळात याच्या अगदी उलट असलेली एक थोर कल्पना आहे. जमिनीवर ठिकठिकाणी रक्ताचे डाग दिसतात. डागाला हात लावला की तिथे मेलेल्या दुसऱ्या कुणा खऱ्या खेळाडूची भुतासारखी आकृती उठते आणि त्याचे शेवटचे काही क्षण पुन्हा घडतात. तो धावत कोपऱ्यावरून वळतो आणि कोसळतो. म्हणजे कोपऱ्यापलीकडे कोणीतरी आहे. बाजूला कुणीतरी लिहून ठेवलेला निरोप असतो: पुढे सावध. (काही निरोप धडधडीत खोटे असतात, खड्ड्याच्या काठावर उडी मारण्याचा आग्रह केलेला असतो. वहीतही असे लोक असतातच.) ही कल्पना मियाझाकींना कशी सुचली ते त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. बर्फ पडलेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्याने पुढच्याला ढकललं, त्याच्या मागच्याने त्याला, आणि सगळे चढ ओलांडून निघून गेले. थांबून आभार मानायची सोय नव्हती, कारण थांबलं की गाडी पुन्हा घसरणार. रक्ताचा डाग हे तसलंच ढकलणं आहे. ‘ड्रुआगा’ची वही इथे खेळाच्या आतच बांधून दिली आहे.

‘डार्क सोल्स’चं वजनाचं गणित या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतं. अंगावरचं ओझं पेलण्याच्या क्षमतेच्या पाव भागाच्या आत असेल तर पात्र चपळ कोलांटी घेतं, निम्म्याच्या आत असेल तर मध्यम, आणि त्यापुढे गेलं की पोतं आपटावं तसं पडतं. कोलांटीच्या मधल्या काही क्षणांत तलवार अंगातून आरपार गेली तरी लागत नाही, आणि सगळी लढाई त्या क्षणांवर चालते. पाव आणि निम्मा हे आकडे खेळ सांगत नाही. पण पोत्यासारखं पडणं डोळ्यांना दिसतं, आणि जाड चिलखत उतरवून बघायची बुद्धी कधी ना कधी होते. एवढं लपवणं चालेल.

इथवर झाली ती छळणाऱ्या लपवाछपवीची गोष्ट. दुसरी लपवाछपवी मायेची असते, आणि तिच्यासाठीही गल्लीकडे शब्द आहे: कच्चं लिंबू. थोरल्यांच्या खेळात धाकटं भावंड हट्टाने शिरतं. त्याला घेतलं जातं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउट झालं तरी होत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला स्वतःला नसतं. आजचे कित्येक नामांकित खेळ खेळणाऱ्याला कच्चं लिंबू करून खेळवतात, आणि ज्यांच्या काठिण्याची ख्याती आहे तेही त्यातून सुटलेले नाहीत.

‘सेलेस्ट’ घ्या. मॅडी थॉर्सन आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा हा खेळ एका मुलीच्या डोंगर चढण्याचा, आणि तो पूर्ण करताना दोन-तीन हजार वेळा मरणं काही नवलाचं नाही. तरी त्यात मरणाऱ्याची चीड फारशी साठत नाही. त्याचं एक कारण असं की कड्याची धार संपल्यावरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत उडीचं बटण मान्य होतं. पाय हवेत, तरी उडी चालते. रोडरनरच्या कार्टूनमधला तो कोल्हा कडा ओलांडल्यावर क्षणभर अधांतरी धावत राहतो, त्यावरून या सवलतीला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तरी खेळ ते लक्षात ठेवतो. छताच्या कोपऱ्याला डोकं निसटतं आपटत असेल तर पात्राला हळूच बाजूला सरकवतो. ‘थोडक्यात हुकलं’ असं ज्याला वाटायला हवं होतं, त्याला ‘थोडक्यात जमलं’ असं वाटतं. आणि थॉर्सन यांनी या सगळ्या सवलतींची यादी पुढे स्वतःच जाहीर करून टाकली. एवढंच नाही, तर वेग कमी करण्याची, अगदी अमर होण्याचीसुद्धा सोय खेळाच्या यादीत उघड ठेवलेली आहे. ती वापरणाऱ्याला कोणी टोमणा मारत नाही.

२००५ चा ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ याहून पुढे गेला. शिंजी मिकामी यांच्या या भयकथेत खेळणारा किती मरतो, किती नेम चुकवतो यावर आत एक हिशेब चालू असतो. वारंवार मरणाऱ्यासमोर शत्रू सौम्य होतात. सराईतासमोर ते चवताळून येतात. ‘डिमन्स सोल्स’च्या बरोबर उलट. आणि सांगत दोन्ही खेळ नाहीत! पण एकाची गुप्तता पडलेल्याला उठवते, दुसऱ्याची त्याच्या पाठीत लाथ घालते. गेम-डिझायनर जेनिफर शूर्ले यांनी २०१७ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना असली गुपितं उघड करायला सांगितलं, तेव्हा कबुलीजबाबांची रांग लागली. ‘बायोशॉक’मध्ये शत्रूची पहिली गोळी मुद्दाम चुकते. ‘डूम’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ यांत आयुष्याच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्यापेक्षा जास्त मार सोसतो, म्हणजे खेळणारा कायम ‘मरता मरता वाचलो’ असं सांगत सुटतो.

आकडेही थापा मारतात. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी युद्धखेळात हल्ल्याआधी यशाची टक्केवारी दाखवतात. २००२ पासूनच्या बऱ्याच भागांत आत एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी वापरलेली असते. त्यामुळे पडद्यावर ९० दिसतात तेव्हा खरी शक्यता ९८ च्या घरात असते, आणि १० दिसतात तेव्हा जेमतेम २. ‘एक्सकॉम’चे दिग्दर्शक जेक सॉलोमन यांनीही सांगितलं आहे की सोप्या पातळ्यांवर ८५ टक्के दिसतात तिथे प्रत्यक्षात ९५ च्या जवळपास असतात, कारण ८५ वाचल्यावर माणसाच्या मनात जे उमटतं ते ९५ असतं. सिड मायर यांना ‘सिव्हिलायझेशन’च्या चाचण्यांत हेच दिसलं होतं: तिनास एक अशी बाजू भक्कम असताना हरलेला खेळाडू शक्यतेचं गणित ऐकूनच घेत नाही, त्याच्या मते खेळच बिघडलेला असतो. मराठी घराला हे समजावून सांगायला नको. दहावीला ८५ टक्के पडले की पेढे येतात. राहिलेले १५ कुठे गेले, हे शेजारी सोडून कोणी विचारत नाही.

या मायेच्या थापांना नाक मुरडणारे शुद्धतावादी आहेत. त्यांचं म्हणणं असं, की आकडा छापला तर तो खराच हवा. तर्क म्हणून ते बरोबर आहे. पण या थापेत बनवणाऱ्याचा फायदा एवढाच असतो की खेळणारा रागावून उठून जात नाही, आणि त्याला हवा तसा डाव खेळायला मिळतो. धाकट्याला राज्य न देणाऱ्या थोरल्या भावाचा तरी दुसरा काय फायदा असतो?

प्रश्न उभा राहतो तो कच्च्या लिंबाचा बाजार मांडला जातो तेव्हा.

मोबाइलवर पबजी आणि नंतर बीजीएमआय खेळलेल्या महाराष्ट्रातल्या लाखो पोरांना आपला पहिला विजय आठवत असेल. शंभर जणांत पहिला नंबर, ‘चिकन डिनर’! खालच्या पातळ्यांवरच्या त्या सामन्यांत समोरची बरीच ‘माणसं’ माणसं नसतात. संगणक चालवत असलेले ते बॉट असतात. वेडेवाकडे धावतात, उघड्यावर उभे राहतात आणि नेम चुकवतात. पहिल्या दिवशी वाघ झालेला पोरगा पातळी चढत जातो तसे बॉट कमी होतात, खरे नेमबाज येतात आणि तो उंदीर होतो. कच्चं लिंबू असल्याचं त्याला सांगितलेलं नव्हतं, तसं आता तो ते राहिला नसल्याचंही कोणी सांगत नाही. तोवर मित्रमंडळी जमलेली असतात, रात्रीची वेळ ठरलेली असते, आणि बंदुकीचे रंगीत साज विकणारं दुकान एका बोटाच्या अंतरावर असतं. ‘फोर्टनाइट’च्या कंपनीने २०१९ मध्ये असे बॉट आणत असल्याचं निदान जाहीर तरी केलं होतं.

याच्या पुढची पायरी कागदावर उतरलेली आहे. ॲक्टिव्हिजन या बड्या अमेरिकी कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं. कल्पना अशी: नवख्याची गाठ मुद्दाम अशा खेळाडूशी घालायची, ज्याच्याकडे विकत घेतलेलं भारी हत्यार आहे. नवखा मार खातो आणि ते हत्यार घेतो. घेतलं की त्याला अशा सामन्यात टाकायचं जिथे ते हत्यार खूप कामाला येतं, म्हणजे पैसे सार्थकी लागल्यासारखं वाटतं. ही पद्धत आपण कुठल्याही खेळात वापरलेली नाही, असा खुलासा कंपनीने केला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या संशोधकांनी, खेळाडू सोडून जाऊ नये म्हणून खेळाचं काठिण्य परस्पर कमी-जास्त कसं करावं, यावर शोधनिबंध वाचला. रंगीत तुकडे जुळवण्याच्या एका मोबाइल खेळावर ते करूनही पाहिलेलं होतं. पुढे कंपनीच्या फुटबॉल खेळात असं काही चालतं, असा आरोप करणारा दावा २०२० मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. कंपनीने ठाम इन्कार केला आणि फिर्यादींनी दावा मागे घेतला.

कोणी काय वापरलं आणि काय नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी खेळणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट उरते. तो हरला तेव्हा बोट चुकलं म्हणून हरला की त्याला हरवायचं ठरलं होतं म्हणून, हे त्याला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. ‘डिमन्स सोल्स’चा काळा कल निदान सगळ्यांना सारखाच लागू होता आणि चिकाटीच्या लोकांनी तो खणून काढला. माणसागणिक बदलणारा, सर्व्हरवर बसलेला नियम कुठल्या वहीत लिहिणार? खेळात पैसे देऊन उघडायच्या पेटीतून काय निघेल याची शक्यता जाहीर करण्याची सक्ती चीनने मे २०१७ पासून केली, त्याच वर्षाअखेर ॲपलनेही आपल्या दुकानातल्या खेळांवर केली. मग समोर माणूस आहे की बॉट, आणि खरेदीचा जोड्या लावण्याशी काही संबंध आहे का, एवढं छापायला कसली अडचण आहे? भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याची नजर आहे पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. ज्या खेळात पैसे नुसतेच जातात, तिथे ती फारशी पोचत नाही.

आणि छळ करूनही सगळं उघड ठेवता येतं, याचा दाखला बेनेट फॉडी या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने २०१७ मध्ये दिला. फॉडी हे ऑक्सफर्डला व्यसनाच्या तत्त्वज्ञानावर संशोधन करून आलेले, त्यामुळे आपण काय करतो आहोत याची त्यांना पुरती जाण असणार. त्यांच्या ‘गेटिंग ओव्हर इट’मध्ये कमरेपर्यंत कढईत बसलेला एक उघडाबंब माणूस आहे आणि त्याच्या हातात लांब दांड्याचा हातोडा. हातोडा अडकवत, रेटत डोंगर चढायचा. माउस हलेल तसा हातोडा हलतो. मधे कुठली सवलत नाही, शिक्षा नाही, छुपा कल नाही. वाटेत मुक्काम नाहीत. हात निसटला की दोन तासांची चढण दहा सेकंदांत उतरून माणूस खाली, आणि वर फॉडींचा शांत आवाज अपयशाविषयी चार शब्द ऐकवतो. लोक त्यांच्या नावाने बोटं मोडतात आणि पुन्हा चढायला लागतात.

त्या डोंगराच्या माथ्याजवळ एक साप आहे. सापशिडीतल्या ९८ च्या घरावर असावा तसा, अगदी मोक्याच्या जागी. तो लपवलेला नाही. शेजारी पाटी लावली आहे, सापावर बसू नका. पाटी वाचून, समजून-उमजून, नुसतं काय होतं ते बघायला म्हणून माणसं कढई त्याच्या पाठीवर टेकवतात आणि सुळकन घसरत थेट पायथ्याच्या त्या पहिल्या वाळक्या झाडापाशी येऊन थांबतात.